क्लस्टरवर जॉब अडतो, मरतो, रेंगाळतो: आधी फायली मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका महाविद्यालयात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या क्लस्टरवर, म्हणजे अनेकांनी वाटून वापरायच्या, एकमेकांना जोडलेल्या संगणकांच्या (नोडांच्या) समूहावर, खातं मिळालं आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या बागांतून द्राक्षाच्या पानांचे सुमारे ३ लाख फोटो जमले आहेत. प्रत्येकी साधारण ३ एमबी धरले तर एकूण ९०० जीबी. केवडा आणि भुरी हे रोग ओळखणारं मॉडेल शिकवायचं आहे. अडचणी चार: जॉब (क्लस्टरला दिलेलं काम) दोन-दोन दिवस रांगेत पडून राहतो, सुरू झालाच तर मध्येच मारला जातो, जागा निम्मी रिकामी असताना 'डिस्क कोटा एक्सीडेड' असा संदेश येतो, आणि जीपीयू (शिकवणीची गणितं वेगाने करणारी चिप) असूनही एक इपॉक (सगळ्या फोटोंवरून शिकवणीची एक फेरी) घरच्या लॅपटॉपपेक्षा हळू होतो.

चार अडचणी वेगळ्या दिसतात, पण पहिली सोडली तर बाकीच्या तिघींचं मूळ फार लांब नाही. फायलींची संख्या आणि कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) मोजण्याची चूक, एवढंच. म्हणून उत्तराचा मोठा भाग स्टोरेजवर आहे. रांगेकडे नंतर येऊ.

कोटा दोन गोष्टींवर असतो: जीबीवर आणि फायलींच्या संख्येवर. दुसरा आकडा लोक बघतच नाहीत. स्क्रॅचवर (कामापुरत्या मोठ्या सामायिक जागेवर) लस्टर ही फाइल सिस्टिम असेल (मोठ्या क्लस्टरांवर बहुधा हीच असते) तर 'एलएफएस कोटा' ही आज्ञा चालवा. तिच्या उत्तरात वापरलेल्या केबींच्या स्तंभापुढे 'फाइल्स' नावाचा आणखी एक स्तंभ दिसेल. आकड्यापुढे तारांकन असेल तर ती मर्यादा ओलांडली गेली आहे. सॉफ्ट, म्हणजे इशाऱ्याची खालची, मर्यादा ओलांडल्यावर काही दिवसांची सवलत मिळते (लस्टरमध्ये मुळात ती एक आठवडा असते, केंद्र बदलू शकतं) आणि ती संपली की हार्ड मर्यादा गाठली नसली तरी लिहिणं बंद पडतं. 'काल चालत होतं, आज बंद' यामागे बऱ्याचदा हेच असतं.

३ लाख फोटो म्हणजे ३ लाख फायली. त्यात कोंडा या पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाचं एक एन्व्हायर्नमेंट, ज्यात पायटॉर्च या मॉडेल शिकवणाऱ्या लायब्ररीसकट सहज काही दहा हजार फायली असतात. त्यात कोंडाने जपून ठेवलेली डाउनलोड केलेली पॅकेजं, पिप या तशाच साधनाचा कॅशे (जपून ठेवलेल्या फायली), आणि लॅपटॉपवरून व्हीएस कोड हा एडिटर जोडला असेल तर त्याने होममध्ये (खात्याच्या स्वतःच्या छोट्या फोल्डरमध्ये) गुपचूप टाकलेला सर्व्हर. होमची मर्यादा या शेवटच्या तिघांनीच भरते. 'कोंडा क्लीन' सगळ्या पर्यायांसह चालवा, पिपचा कॅशे साफ करा, आणि एन्व्हायर्नमेंट शक्य तर अ‍ॅपटेनरच्या एका इमेजमध्ये, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर एका फाइलीत भरलेल्या गाठोड्यात, बांधा. जुन्या लोकांना हेच सिंग्युलॅरिटी म्हणून माहीत आहे. इमेज कितीही मोठी असली तरी मोजणीत ती एकच फाइल. फक्त अ‍ॅपटेनरचा कॅशे कुठे जाईल ते आधी स्क्रॅचकडे वळवा, नाहीतर इमेज बांधतानाच होम पुन्हा भरेल.

प्रोजेक्टच्या सामायिक फोल्डरमध्ये आणखी एक सापळा आहे. कोटा गटावर मोजला जात असेल तर फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे याला महत्त्व नाही, तिच्यावर कोणत्या गटाचं नाव आहे याला आहे. होमच्या फाइल सिस्टिममध्येच 'एमव्ही' केलेली फाइल आपला जुना गट घेऊनच जाते. प्रोजेक्टमध्ये जागा आहे, तरी लिहिता येत नाही, असं दिसलं तर 'एलएस डॅश एल' मधला गटाचा स्तंभ बघा. फोल्डरवर सेटजीआयडी (नव्या फायलींना फोल्डरचाच गट देणारी खूण) लावून फाइल 'सीपी' केली की गट बरोबर येतो.

आता वेग. लस्टरमध्ये फाइलचा मजकूर अनेक डेटा सर्व्हरांवर पसरलेला असतो, पण फाइल कुठे आहे, कोणाची आहे, उघडायची परवानगी आहे का, ही विचारणा मेटाडेटा सर्व्हरकडेच जाते, आणि तो एक किंवा मोजकेच असतात. मोठी फाइल वाचताना ही विचारणा एकदाच होते, म्हणून सेकंदाला गिगाबाइटांनी वेग मिळतो. ३ लाख छोट्या फायली ५० इपॉकसाठी प्रत्येक वेळी उघडल्या तर विचारणा होते दीड कोटी वेळा. जीपीयू रिकामा बसतो आणि मेटाडेटा सर्व्हर घामाघूम होतो. त्रास तुमच्यापुरता राहत नाही: त्या वेळी क्लस्टरवर साधं 'एलएस' करणाऱ्या प्रत्येकाचा टर्मिनल अडकतो. अ‍ॅडमिनचा कडक ईमेल येतो तो यामुळे. लॅपटॉपवर हेच काम वेगाने झालं कारण तिथे एसएसडी जवळच होती आणि वाटेकरी कोणी नव्हतं.

उपाय एकदाच करायचा आहे. मॉडेलला ३ एमबीचा फोटो लागतच नाही. ते बहुधा २२४ किंवा ५१२ पिक्सेलची चौकट घेतं. सगळे फोटो ५१२ पिक्सेलवर आणून जेपीईजी म्हणूनच ठेवा. एक फोटो साधारण ८० केबीचा धरला तर ९०० जीबीचे २४ जीबी होतात. हे काम सीपीयूच्या जॉबमध्ये करा. जीपीयू अडवून फोटो लहान करणं म्हणजे दुसऱ्याचा तास वाया घालवणं. मग हे फोटो सुमारे १ जीबीच्या टार फायलींमध्ये (टार म्हणजे अनेक फायली एकात बांधलेली फाइल) भरा. एकात साडेबारा हजार फोटो बसतात, एकूण २४ फायली होतात. वेबडेटासेटसारखी लायब्ररी टार न उलगडता थेट वाचते.

टार भरताना दोन गोष्टी विसरू नका. एक, भरण्याआधी फोटोंचा क्रम पूर्ण विस्कटा. केवड्याचे सगळे एका टारमध्ये आणि निरोगी पानं दुसऱ्यात राहिली तर वाचताना होणारं मिसळणं पुरत नाही, कारण ते एका वेळी काही हजार फोटोंपुरतंच चालतं. मग लॉसचा (मॉडेलच्या चुकीच्या मापाचा) आलेख करवतीसारखा खालीवर होतो. दोन, शिकवणीचे आणि चाचणीचे फोटो बागेनुसार वेगळे करा, फोटोनुसार नाही. एकाच वेलीचे लागोपाठ काढलेले दोन फोटो दोन्हीकडे गेले तर अचूकता सुंदर दिसते आणि दुसऱ्या तालुक्याच्या बागेत मॉडेल तोंडघशी पडतं. हा भाग क्लस्टरचा नाही, पण टार एकदा बांधले की पुन्हा उलगडून बांधायला कोणी धजत नाही.

जॉब सुरू होताच या २४ टार नोडच्या स्थानिक एसएसडीवर कॉपी करा. स्थानिक जागेचा पत्ता 'टीएमपीडीआयआर' या व्हेरिएबलमध्ये बहुधा मिळतो. केंद्राच्या माहितीपुस्तिकेत नाव बघा, कारण काही ठिकाणी '/टीएमपी' म्हणजे डिस्क नसून मेमरीच असते आणि तिथे २४ जीबी टाकले की ते तुमच्या जॉबच्या मेमरीत मोजले जातात. सेकंदाला २०० एमबी या सुमार वेगानेही २४ जीबीला दोन मिनिटं लागतात. त्यानंतरचे ५० इपॉक सामायिक स्टोरेजला न शिवता चालतात. शेवटी ती जागा स्वतः पुसा.

मूळ फोटो जर स्क्रॅचवर सुटे पडले असतील तर त्या फोल्डरात नुसतं 'एलएस' करू नका. रंगीत 'एलएस' प्रत्येक फाइलची माहिती विचारतं. 'एलएस डॅश एफ' (लहान एफ) न क्रम लावता नुसती नावं देतं. 'डीयू'ऐवजी कोटाची आज्ञा वापरा, आणि शोधायचं असेल तर 'एलएफएस फाइंड'.

स्क्रॅच पुसला जातो, हे सगळ्यांना सांगितलेलं असतं. कोणत्या तारखेवरून पुसला जातो, हे मात्र फार थोडे विचारतात. काही केंद्रं फाइल शेवटची कधी वाचली ते बघतात, काही शेवटची कधी बदलली ते. दुसरा नियम असेल तर फायली पाठवणाऱ्या 'आरसिंक' चं 'ए' हे अक्षर घात करतं, कारण ते मूळ तारखा जपतं. मागच्या ऑक्टोबर छाटणीनंतर काढलेला फोटो आज चढवला तरी त्याची तारीख मागच्या ऑक्टोबरचीच राहते आणि पुसण्याच्या पहिल्याच फेरीत तो 'जुना' ठरतो. टार उलगडतानाही असंच होतं. तिथे 'एम' पर्याय दिला की आजची तारीख लागते. सगळ्या फायलींना दर आठवड्याला 'टच' करत (तारीख ताजी करत) राहण्याची युक्ती अनेक केंद्रांच्या नियमांत बसत नाही, आणि ती पकडणं अवघडही नाही. स्क्रॅचवरची प्रत ही कामाची प्रत. मूळ ९०० जीबीच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर, दोन वेगळ्या इमारतींत हव्यात.

नाशिकहून चढवणं. १०० एमबीपीएसच्या फायबरवर कागदावर सेकंदाला साडेबारा एमबी मिळतात, प्रत्यक्षात १० धरा. ९०० जीबीला २५ तास. तेही अपलोडचा वेग डाउनलोडइतका असेल तर. बिलावरचा आकडा कधीकधी फक्त डाउनलोडचा असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सेकंदाला २ एमबी धरले तर पाच दिवसांहून जास्त. महाविद्यालयात शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं वेगवान राष्ट्रीय ज्ञान जाल, म्हणजे एनकेएन, पोहोचलं असेल तर घरून चढवण्याचा हट्ट सोडा आणि रात्री तिथून पाठवा. नाहीतर डिस्क बॅगेत घालून पुण्याची एसटी पकडणं हा विनोद नाही: प्रवास पाच-सहा तासांचा, आणि सेकंदाला १०० एमबीने डिस्कवरून उतरवायला अडीच तास. केंद्र बाहेरची डिस्क लावू देतं का, कोण लावतं, हे आधी विचारून जा.

नेटवरून पाठवताना आधी लॅपटॉपवरच मूळ फोटोंच्या टार बांधा, एकात हजार फोटो, म्हणजे ३ जीबीच्या ३०० फायली. प्रत्येकीची शा-२५६ बेरीज (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) एका यादीत काढून ठेवा आणि पोहोचल्यावर तिकडे तीच यादी पडताळा. 'आरसिंक'ला मोठा 'पी' द्या, म्हणजे वीज गेली तरी अर्धवट आलेली फाइल टाकून दिली जात नाही. 'झेड' देऊ नका: जेपीईजी आधीच दाबलेलं असतं, प्रोसेसर तापण्यापलीकडे काही साधत नाही. लॅपटॉपची बॅटरी टिकते, राउटरची टिकत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावा. नवीन हंगामाचे फोटो छाटणीनंतर रोज येऊ लागतात, तेव्हा ते पंधरवड्याने, बागेनुसार टार करून चढवा. डिसेंबरात सगळं एकदम ढकलायला गेलात तर कोटा आणि नेट दोन्ही एकाच दिवशी अडतील.

फायलींची नावं रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेखा यांतच ठेवा. देवनागरी नावं चालतात, पण तेच अक्षर दोन यंत्रं दोन प्रकारे साठवू शकतात आणि दिसायला सारखं नाव सापडत नाही. रिकाम्या जागा तर स्क्रिप्टच्या वैरीच. नावात शेतकऱ्याचं नाव किंवा गट नंबर घालू नका. फोटोत जीपीएस असतं तेही लहान प्रतींतून काढून टाका. जॉबचं नावही बहुतेक ठिकाणी रांगेत सगळ्यांना दिसतं. फोल्डरची परवानगी ७५० ठेवा. 'चालत नाही म्हणून ७७७ दिलं' हा उपाय नव्हे. होमलाच ७७७ दिलं तर एसएसएच तुमची चावी नाकारतं आणि पासवर्ड मागू लागतं. लोक मग चावी पुन्हा बनवत बसतात.

जॉब मरतो तो का. 'एसअ‍ॅक्ट' (sacct) या, रांग सांभाळणाऱ्या स्लर्मच्या, आज्ञेत त्या जॉबची स्थिती बघा. 'टाइमआउट' म्हणजे मागितलेला वेळ संपला. 'आउट ऑफ मेमरी', किंवा १३७ हा निर्गमन अंक, म्हणजे बहुधा मेमरी ओलांडली: १२८ अधिक ९, आणि ९ हा ठार करण्याचा संकेत. तुमच्या वर्णनावरून हेच वाटतं, आणि कारण बहुधा पायथनमधली एक ओळ आहे. डेटा वाचणारे वर्कर किती ठेवायचे हे 'ओएस डॉट सीपीयू काउंट' ला विचारलेलं असतं. ते नोडवरचे सगळे कोअर सांगतं, तुम्हाला मिळालेले नाही. नोड ४८ कोअरचा, तुम्ही मागितले ४. कोड ४८ वर्कर उभे करतो. ४ कोअरवर ४८ जण रेटारेटी करतात म्हणून काम हळू, आणि प्रत्येकजण आपापली मेमरी घेतो म्हणून जॉब ठार. आकडा 'स्लर्म सीपीयूज पर टास्क' या व्हेरिएबलमधून घ्या. नमपायसारख्या लायब्रऱ्यांसाठी 'ओएमपी नम थ्रेड्स' वर्करांमध्ये १ ठेवा.

किती मेमरी मागावी हे अंदाजाने ठरवू नका. २ टारवर, एका इपॉकसाठी, अर्ध्या तासाचा जॉब टाका आणि संपल्यावर 'सेफ' (seff) चालवा. कोअरांचा किती टक्के वापर झाला आणि मेमरी कुठवर गेली ते दिसेल. मेमरीची नोंद ठरावीक अंतराने होते, मुळात ३० सेकंदांनी, त्यामुळे क्षणभराची उसळी तीत सापडत नाही. वर २०-२५ टक्के जास्त मागा. दुप्पट नको.

कारण मेमरीही रांगेत मोजली जाते. ४८ कोअर आणि १९२ जीबीच्या नोडवर एका कोअरच्या वाट्याला ४ जीबी येतात. १ कोअर आणि ६० जीबी मागितले तर उरलेल्या मेमरीच्या हिशेबाने तुम्ही १५ कोअरची जागा अडवता, आणि अनेक केंद्रं तेवढीच तुमच्या नावावर मांडतात. जास्त कोअर मागूनही सरळ फायदा होत नाही. कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच होत असेल तर ४८ कोअरवर वेग जेमतेम १४ पट वाढतो, आणि कितीही कोअर लावले तरी २० पटीपलीकडे जात नाही.

रांगेत जॉब का थांबला हे 'एसक्यू' (squeue) च्या शेवटच्या स्तंभात लिहिलेलं असतं, ते वाचा. 'प्रायॉरिटी' म्हणजे तुमच्यापुढे इतर आहेत. 'रिसोर्सेस' म्हणजे नंबर आला आहे, जागा रिकामी व्हायची आहे. 'क्यूओएस' किंवा 'अ‍ॅसॉक' ने सुरू होणारं कारण म्हणजे तुमची किंवा तुमच्या गटाची मर्यादा भरली. वाट बघण्यापेक्षा गटातल्या सहकाऱ्याला विचारा. 'रेक नोड नॉट अव्हेल' दिसलं आणि देखभालीची तारीख जवळ असेल तर तुमचा मागितलेला वेळ त्या तारखेत घुसतो आहे. वेळ कमी केला की जॉब सुटतो. 'डिपेंडन्सी नेव्हर सॅटिस्फाइड' असेल तर तो जॉब कधीच सुटणार नाही, रद्द करा.

दोन दिवस थांबण्याचं सर्वात नेहमीचं कारण मात्र साधं आहे: 'टाइम' च्या ओळीत कमाल वेळ टाकलेला असतो. मोठ्या जॉबसाठी नोड जमा होत असताना शेड्युलर, म्हणजे स्लर्मच, मधल्या मोकळ्या फटींत छोटे जॉब बसवतो. चार तासांची फट असेल तर पाच दिवस मागणारा जॉब तिथे मावत नाही, तीन तास मागणारा लगेच मावतो. म्हणून शिकवणी तुकड्यांत करा. प्रत्येक इपॉकनंतर चेकपॉइंट (मॉडेलची त्या क्षणाची साठवलेली प्रत), आणि जॉब पुन्हा सुरू झाला की शेवटच्या चेकपॉइंटवरून पुढे. स्लर्मला वेळ संपण्याआधी ३०० सेकंद संकेत पाठवायला सांगता येतं. संकेत बॅच स्क्रिप्टला पाठवायचा तर 'बी' हे अक्षर लावा, आणि पायथन पार्श्वभूमीत चालवून खाली 'वेट' लिहा. नाहीतर बॅश पायथन संपेपर्यंत संकेताकडे बघतच नाही. चेकपॉइंट आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर नाव बदला. लिहितानाच जॉब तुटला तर जुना शाबूत राहतो. रेसनेट-५० या प्रचलित मॉडेलचे अडीच कोटींहून थोडे जास्त पॅरामीटर, म्हणजे साधारण १०० एमबी. अ‍ॅडम या शिकवण्याच्या पद्धतीची जोडीची माहिती धरून ३००. शंभर इपॉकचे सगळे ठेवले तर ३० जीबी. शेवटचे तीन पुरेत.

वेगवेगळे लर्निंग रेट (मॉडेल किती मोठ्या पावलांनी शिकतं तो आकडा) तपासायचे असतील तर अ‍ॅरे जॉब (एकाच स्क्रिप्टच्या अनेक प्रती) टाका आणि एका वेळी चारच चालतील अशी टक्क्याच्या चिन्हाने मर्यादा घाला. नाहीतर वापराच्या हिशेबात तुमच्या गटाची पत एका रात्रीत घसरते. ती हळूहळूच भरून येते. वीस-वीस सेकंदांचे हजार जॉब तर टाकूच नका, त्यांची मोट बांधून प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांचे करा.

किरकोळ वाटणाऱ्या पण संध्याकाळ खाणाऱ्या तीन गोष्टी. कंप्यूट नोडवर (जिथे जॉब चालतो) बहुधा इंटरनेट नसतं, त्यामुळे आधीच शिकवलेलं मॉडेल लॉगिन नोडवरून (जिथे तुम्ही आधी जोडले जाता) एकदा उतरवून ठेवा, नाहीतर जॉब जोडणीची वाट बघत जीपीयूचे तास जाळतो. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट 'एसबॅच' (जॉब टाकण्याची आज्ञा) ओळींच्या शेवटच्या खुणांवरून नाकारतं. 'डॉस टू युनिक्स' चालवा. आणि 'टीमक्स' (जोडणी तुटली तरी चालू राहणारं सत्र) ज्या लॉगिन नोडवर उघडलं तिथेच राहतं: लॉगिन नोड दोन-तीन असतील तर होस्टचं नाव लिहून ठेवा, सत्र हरवलं असं वाटतं तेव्हा ते शेजारच्या नोडवर असतं. लॉगिन नोडवर शिकवणी चालवू नका हे वेगळं सांगायला नको.

इतकं करूनही अडलात तर मदतकक्षाला लिहा, पण 'जॉब चालत नाही' एवढंच नको. जॉब आयडी, नोडचं नाव, वेळ, स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता आणि चुकीच्या संदेशाचा मजकूर द्या. मोबाइलने काढलेला पडद्याचा फोटो नको, त्यातून कोणाला काही शोधता येत नाही. जॉब रेंगाळत असेल तर तो मारण्याआधी कळवा: चालू असेपर्यंत अ‍ॅडमिन त्या नोडवर जाऊन तो कशाची वाट बघतो आहे ते थेट पाहू शकतात, संपल्यावर उरतात फक्त नोंदी.